अनामत आणि अमानत

निवडणुकीचा अर्ज भरताना उमेदवाराला एक ठरावीक रक्कम भरावी लागते. तिला मराठीत अनामत म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी अमानत. आपल्या घरांतून तो अजून त्याच्या मूळ रूपात वापरला जातो. शेजारीण माहेरी जाताना दागिन्यांची पुरचुंडी आपल्या आईच्या हाती देऊन जायची, ती अमानत. आई ती पेटीच्या तळाशी ठेवायची आणि शेजारीण परत येईपर्यंत तिला नीट झोप लागायची नाही. मराठीत येताना अक्षरांची अदलाबदल झाली आणि अमानतीची अनामत झाली. निवडणुकीच्या दिवसांत तर हा शब्द ‘अनामत जप्त झाली’ एवढ्यापुरताच उरतो.

या दोन शब्दांमधले अंतर आम्हाला डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीत कळले. ते सांगण्यासाठी हा लेख. सांगताना आमचीच बाजू उघडी पडणार आहे, पण त्याला इलाज नाही.

आमचे गाव तालुक्याचे. तीस वर्षांपूर्वी ते वेशीच्या आत मावत होते. मग बायपास झाला, महाविद्यालय आले, आसपासच्या खेड्यांतली माणसे मुलांच्या शिक्षणासाठी येऊन राहिली. माळावर प्लॉट पडले. रीतसर बिगरशेती झालेले थोडे, गुंठेवारीचे जास्त. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली आला, पण कायद्याने कागद नियमित होतो, गटार आपोआप होत नाही. पूर्वी माळावर पडलेला पाऊस माळातच मुरायचा. आता तिथे सिमेंटचे रस्ते आणि फरशीची अंगणे आहेत. ते पाणी ओढ्याने खाली येते. आधी नव्या कॉलनीच्या कडेने, मग आमच्या मोहल्ल्यातून, मग दलित वस्तीतून. मोहल्ल्याच्या तोंडाशी जी मोरी आहे ती जुन्या गावाच्या मापाची. जोराचा पाऊस झाला की पाणी तिथे तुंबते आणि बागवान गल्लीत गुडघाभर चढते. वाढत्या गावाचा हिशेब असा सखल भागात येऊन चुकता होतो.

हे सांगायचे कुणाला, हा प्रश्न मधली चार वर्षे होता. डिसेंबर २०१६ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झालीच नाही. ओबीसी आरक्षणावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मार्च २०२१ मध्ये आला, त्यातून पुढची गुंतागुंत झाली, आणि राज्यभर नगरपरिषदांवर प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला तेव्हा कुठे गाडी हलली. प्रशासक वाईट होते असे नाही. पण त्यांना मत द्यायचे नव्हते की काढून घ्यायचे नव्हते. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून नगरपालिकांना घटनेत जागा दिली, बाराव्या अनुसूचीत १८ विषय लिहून दिले, त्यांत पाणीपुरवठा आहे, स्वच्छता आहे, झोपडवस्ती सुधार आहे. आमच्यासाठी ते सारे मुख्याधिकाऱ्यांच्या दालनाबाहेरच्या बाकड्यावर येऊन थांबले होते.

म्हणून निवडणूक जाहीर होण्याची चिन्हे दिसताच आम्ही सहाजण सरांकडे गेलो. आमच्यात दोन दुकानदार, एक वकील, एक रिक्षावाला आणि दोन शिक्षक. सर म्हणजे जिल्हा परिषद शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली आहे. निवृत्तीनंतर त्यांच्या ओट्यावर रोज सकाळी माणसे बसलेली असतात. कुणाची घरपट्टी चुकीची आली, कुणाला रेशनकार्डातले नाव दुरुस्त करायचे आहे, कुणाच्या आईची पेन्शन अडली. सर अर्ज लिहून देतात. घरपट्टीची आकारणी कशी होते, अपील कुठे करायचे, कोणत्या टेबलावर कोणता कागद अडतो, हे त्यांना पाठ आहे. माणूस कोणत्या गल्लीतला हे ते विचारत नाहीत.

आमच्यातला रिक्षावाला म्हणाला, “सर, तुमे खडे रहो, सारा मोहल्ला तुमारे पीछे है.”

सर नाही म्हणाले. तब्येत किंवा वय अशी कारणे त्यांनी दिली नाहीत. ते म्हणाले, “मागून घेतलेल्या पदाची मला भीती वाटते.”

त्यांची भीती कुठून आली होती ते आम्हाला माहीत होते. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत अब्दुर्रहमान बिन समुरा यांची रिवायत आहे. पैगंबर साहेबांनी (स.) त्यांना अधिकारपद मागू नये असे बजावले होते. मागून मिळाले तर माणूस त्या ओझ्याखाली एकटा सोडला जातो, न मागता मिळाले तर त्याला मदत मिळते, असा तिचा आशय. हजरत अबू जर यांनी पदाची इच्छा दाखवली तेव्हाही त्यांना समजावले गेले की ही अमानत आहे आणि जो तिचा हक्क पुरा करणार नाही त्याला ती कयामतच्या दिवशी शरमेची ठरेल. अबू जर यांच्यासारख्या सच्च्या माणसाला हे ऐकावे लागले, तर आपली काय कथा, असे सरांचे म्हणणे.

आणि आजची निवडणूक तर पहिल्या पायरीपासून मागणीच आहे. उमेदवारी मागायची, तिकीट मागायचे, दारोदार जाऊन मत मागायचे, हात जोडलेला स्वतःचा फोटो चौकात लावायचा. ज्याच्या मनात थोडी हया आहे त्याला हे सारे जड जाते. ज्याला जड जात नाही तो पुढे सरकतो. मग आपण तक्रार करतो की चांगली माणसे राजकारणात येत नाहीत.

आम्ही त्या दिवशी सरांना उत्तर दिले ते हजरत युसूफ (अ.) यांचे. त्यांनी मिसरच्या बादशहाकडे स्वतःहून कोठारांचा कारभार मागितला, हे कुरआनच्या सूरह युसूफमध्येच आहे. मागताना त्यांनी आपले घराणे सांगितले नाही, आपल्यावर झालेला जुलूम सांगितला नाही. आपण राखण नीट करतो आणि आपल्याला त्यातले कळते, एवढ्या दोनच गोष्टी सांगितल्या. मग मागणे सरसकट वाईट कसे? काय मागतो आणि कशाच्या बळावर मागतो, हे पाहायला हवे. वकील मित्राने हा मुद्दा इतका चांगला मांडला की सर हसले. म्हणाले, “वकिली चांगली केलीस.”

दोन दिवसांनी त्यांनी होकार कळवला. तीन अटी घातल्या. पैसा वाटायचा नाही. ‘अपना आदमी’ म्हणून मत मागायचे नाही. आणि प्रभागातल्या प्रत्येक दारात जायचे, कॉलनीतही आणि दलित वस्तीतही. आम्ही तिन्ही अटींना मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

पुढचे समजण्यासाठी प्रभागाची रचना सांगायला हवी. नगरपरिषदेत आमच्याकडे एका प्रभागातून दोन सदस्य निवडले जातात. मतदाराला दोघांसाठी दोन मते, शिवाय नगराध्यक्षाचे एक. सोडतीत आमच्या प्रभागाची एक जागा ओबीसी महिलेसाठी निघाली, दुसरी सर्वसाधारण. सर्वसाधारण जागेवर सर. ओबीसी महिलेच्या जागेसाठी आम्हाला एक बाई हवी होती.

इथे थोडे थांबून सांगितले पाहिजे की ही जागा आम्हाला कुणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. बागवान, खाटीक, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन या जमातींना ओबीसी म्हणून दाखले मिळावेत यासाठी महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ झाली. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती गावोगाव नेली, दिलीपकुमार यांच्यासारखा माणूस तिच्या व्यासपीठावर आला. ‘इस्लाममध्ये जात नाही’ असे सांगून जमातीतलेच काही लोक तिला विरोध करत होते. आज तेच लोक सोडतीच्या दिवशी कुणाच्या घरी जात वैधता प्रमाणपत्र आहे याची यादी करतात. महिलांसाठी निम्म्या जागा २०११ मध्ये झाल्या. म्हणजे एका बागवान स्त्रीला त्या खुर्चीपर्यंत पोचवण्यासाठी दोन लढाया आधीच लढल्या गेल्या होत्या. आमच्या वाट्याला फक्त योग्य बाई शोधण्याचे काम उरले होते.

आणि ती बाई आमच्या डोळ्यांसमोर होती. मंडईत भाजी विकणाऱ्या एक खाला आहेत. नळाला पाणी चार दिवसांआड, तेही रात्री दोन वाजता येऊ लागले तेव्हा पंचवीस बायांना घेऊन नगरपरिषदेत जाऊन बसलेल्या त्या. नळाची वेळ बदलून घेऊनच उठल्या. दाखला त्यांच्याकडे होता. दोनच मुले, तीही मोठी, त्यामुळे सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्याची अडचण नव्हती.

शादीखान्यात बैठक झाली. साठ-सत्तर माणसे जमली, सगळे पुरुष. मशवरा करून काम करावे अशी आपल्याला शिकवण आहे आणि या बैठकीला आम्ही मशवराच म्हणत होतो. बाईची जागा ठरवायची होती आणि बैठकीत एकही बाई नव्हती. हे त्या रात्री आमच्यापैकी एकालाही खटकले नाही. खालांचे नाव कुणीतरी घेतले. “त्यांच्याकडे खर्चाला काय आहे?” असा प्रश्न आला आणि विषय संपला. खडी-वाळूचा धंदा करणारे एक सप्लायर आहेत. त्यांच्या पत्नीकडे दाखला होता आणि त्यांच्याकडे पैसा. सरांचाही खर्च त्यांच्याच्याने निघेल, असा हिशेब झाला. एका स्थानिक आघाडीने दोघांना उमेदवारी दिली. सप्लायरच्या पत्नीला कुणी विचारले का, हेही आम्हाला माहीत नाही. खालांना आम्ही नंतर मंडईत भेटलो तेव्हा त्या कांदे निवडता निवडता एवढेच म्हणाल्या, “मेरेकू कौन पूछ्या, बेटा?”

प्रचारात सर आपल्या अटींप्रमाणे वागले. कॉलनीत त्यांच्याबरोबर आम्ही फिरलो. एका दारात टोमणा ऐकावा लागला, तो इथे लिहीत नाही, वाचकांनी तो आपापल्या गावी ऐकलेलाच असेल. दुसऱ्या दारात चहा मिळाला. एका जुन्या विद्यार्थ्याने मोकळेपणाने विचारले, “सर, तुम्हाला मत द्यायला काही नाही, पण तुमचे लोक एकगठ्ठा टाकतात. मग आमच्या मताला किंमत काय?” सर म्हणाले, “माझे लोक कोण, ते तू मला सांगू नकोस. मी ओढ्यासाठी आलो आहे. तुझ्या कॉलनीचे पाणी कुठे जाते, माहीत आहे?” त्याला माहीत नव्हते. सरांनी त्याला गच्चीवर नेऊन ओढ्याची वाट दाखवली. वर पाणी अडवून मुरवायची सोय झाली तर कॉलनीच्या आटलेल्या बोअरलाही फायदा होईल, खाली मोरी मोठी करावी लागेल, आणि दोन्ही कामे एकाच ठरावात झाली तरच उपयोग, असे त्यांनी समजावले. दलित वस्तीत तर फार बोलावेच लागले नाही. आमच्या मोरीतून जे पाणी सुटते ते तिथेच जाऊन साठते.

२ डिसेंबरला मतदान झाले. त्याच्या आदल्या रात्री मोहल्ल्यात पाकिटे आली.

ती विरुद्ध पॅनेलकडून आली होती, पण वाटणारे हात सप्लायरचे होते. सौदा साधा होता. ओबीसी महिलेच्या जागेवर त्यांच्या पत्नीला विरुद्ध पॅनेलने जोर लावायचा नाही, आणि बदल्यात मोहल्ल्याने सर्वसाधारण जागेवरचे मत विरुद्ध पॅनेलला द्यायचे. एक बटण आपले, एक त्यांचे. “अपनी एक सीट तो पक्की,” असे घरोघर सांगितले गेले. पाकिटात किती होते ते लिहीत नाही. आमच्या सहाजणांपैकी एकाच्या घरी ते आले आणि त्याने परत केले नाही. बाकी पाचांच्या घरी काय झाले, हे प्रत्येकाने आपापल्या मनाला विचारावे. आम्ही एकमेकांना अजून विचारलेले नाही.

मोजणी न्यायालयाच्या आदेशाने पुढे गेली, २१ डिसेंबरला झाली. मधले एकोणीस दिवस आम्ही तर्क लढवत बसलो. सर पडले तर ते कॉलनीमुळे पडतील, हे आमच्यात ठरून गेले होते. मुसलमानाला कोण मत देतो, असे एकमेकांना सांगून आम्ही पराभवाची तयारी करत होतो, आणि खरे सांगायचे तर त्यात एक प्रकारचे समाधानही होते.

सर पडले. सप्लायरची पत्नी निवडून आली. संध्याकाळी वकील मित्राने मतदान केंद्रांचे आकडे एका कागदावर मांडले. कॉलनीच्या केंद्रावर सरांना आम्ही धरले होते त्याच्या कितीतरी जास्त मते होती. दलित वस्तीच्या केंद्रावर ते पुढे होते. ते मागे पडले होते उर्दू शाळेच्या केंद्रांवर, जिथे आम्ही मतदान करतो. तिथे त्यांच्या जोडीच्या बाईला भरभरून मते होती आणि सरांना नव्हती.

सरांची अनामत वाचली होती. अमानत आमची गेली होती.

त्या रात्रीपासून आम्ही त्या रिवायतीकडे वेगळ्या नजरेने पाहतो आहोत. तिचा रोख मागणाऱ्याकडे आहे, आणि आपण सारा वेळ मागणाऱ्याचीच झडती घेतो. तो लोभी आहे का, त्याची नियत काय, तो कशासाठी उभा आहे. पण कुरआनमध्ये सूरह निसात जिथे अमानती त्यांच्या हक्कदारांच्या हवाली करण्याचा हुकूम आहे, तिथे रोख देणाऱ्याकडे आहे. राज्य करणारा जेव्हा एकच बादशहा होता तेव्हा देणारा तोच होता. आता मतदान यंत्रासमोर उभी राहणारी प्रत्येक स्त्री, प्रत्येक पुरुष देणारा आहे. म्हणजे मागणाऱ्यावर जेवढा जाब आहे तेवढाच आमच्यावर आहे, आणि आम्ही संख्येने जास्त आहोत. मागण्याची लाज वाटणारा एक माणूस आम्हाला मिळाला होता. देण्याची जबाबदारी वाटणारी माणसे कमी पडली.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. लोक म्हणतात, मोहल्ल्याने काय वाईट केले? दोनांतली एक जागा नक्की केली. आमचे दोन्ही उमेदवार पडले असते तर सभागृहात आमचे कोण राहिले असते? मोहल्ला सोडून इतर प्रभागांत कोणता पक्ष मुसलमानाला सहजासहजी तिकीट देतो? मग जिथे आपली संख्या आहे तिथे आपला माणूस बसवणे हा शहाणपणा नव्हे काय?

हे दुखणे खरे आहे. त्याचा इतिहासही आहे. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. स्वातंत्र्यानंतर ते गेले, आणि मे १९४९ मध्ये घटना समितीने धर्माच्या आधारावरच्या राखीव जागाही सोडून दिल्या. समितीतल्या एकमेव मुस्लिम महिला सदस्य बेगम ऐजाज रसूल यांनी त्या सोडण्याच्याच बाजूने मत मांडले. राखीव जागा अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडतील, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या पंच्याहत्तर वर्षांत विधिमंडळांतली आपली संख्या पाहून त्या निर्णयाबद्दल कुणाला शंका आली तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पण त्या निर्णयाचा एक अर्थ असा की आपल्या उमेदवाराने दुसऱ्याच्या दारात जाऊन उभे राहायचे आहे आणि दुसऱ्याने त्याला माणूस म्हणून तोलायचे आहे. आमच्या प्रभागात सर त्या दारांत जाऊन उभे राहिले. कॉलनीतल्या सगळ्यांनी नाही, पण पुष्कळांनी त्यांना तोलले आणि मत दिले. त्या लोकांनी आता काय समजायचे? पुढच्या वेळी एखादा मुसलमान उमेदवार त्यांच्या दारात गेला आणि त्यांनी विचारले, की तुमच्या लोकांनी तरी सरांना मत दिले होते का, तर त्याने काय सांगायचे?

आणि ‘आपला माणूस’ तर निवडून आलाच. निवडून आलेल्या बाई मुसलमान आहेत, बागवान आहेत, मोहल्ल्यातल्याच आहेत. आम्ही ‘आपला’ शब्दाचे जे माप लावत होतो त्या मापाने आमचा विजय झाला आहे. त्यांच्या नावाने त्यांचे पती फिरतात. मोरीचा विषय त्यांनी काढलेला नाही. काढणार कसा? ज्यांच्याशी सौदा झाला त्यांचेच प्लॉट वरच्या माळावर आहेत. या एका उदाहरणावरून आपल्या समाजाचे प्रतिनिधी नकोत, असे आम्ही म्हणत नाही. नाव आणि गल्ली पाहून माणूस आपला ठरत नाही, एवढेच म्हणतो. तो कशाची राखण करणार आणि त्याला त्यातले काय कळते, हे विचारायला हवे होते. युसूफ (अ.) यांनी सांगितलेल्या त्याच दोन गोष्टी. वकिलीसाठी आम्ही त्या वापरल्या आणि निवड करताना विसरलो.

त्या कथेचा आणखी एक भाग आम्ही तेव्हा पाहिला नव्हता. युसूफ (अ.) मिसरमध्ये परके होते. गुलाम म्हणून विकले गेलेले, तुरुंगात राहिलेले, त्या देशात एकटे. त्यांनी जे मागितले ते आपल्या कौमसाठी वेगळे कोठार नव्हते. साऱ्या मुलखाचे धान्य राखायचे होते, कारण दुष्काळ साऱ्यांवर येणार होता. पुढे तो आला आणि धान्यासाठी दूरदूरहून आलेल्या लोकांत त्यांचे भाऊही आले, ज्यांनी त्यांना विहिरीत टाकले होते ते. त्यांनाही त्यांनी माप पुरे दिले. त्यांच्या घरच्यांचे भले झाले ते सगळ्यांच्या कोठारातूनच झाले. अल्पसंख्य माणसाने सत्ता कशी मागावी याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. आमची मोरी मोठी झाली असती तर ती कॉलनी, मोहल्ला आणि दलित वस्ती या तिघांच्या एका ठरावाने झाली असती. तो ठराव मांडू शकणारा माणूस आम्ही एका जागेच्या हिशेबात घालवला.

एकट्या सदस्याने काय होते, असेही विचारतात. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. त्यांचे शिक्षण सुटले होते तेव्हा गफ्फार बेग मुन्शी यांनी त्यांच्या वडिलांकडे रदबदली केली, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. लॉर्ड लिटनच्या स्वागतावर लोकांचा पैसा उधळायला फुल्यांनी सभागृहात विरोध केला तेव्हा ते एकटे पडले. ठराव काही थांबला नाही. पण आज त्या सभागृहातले किती जणांचे नाव आपल्याला आठवते? हजरत उमर बिन अब्दुल अजीज यांच्याबद्दल सांगतात, की खाजगी बोलणे सुरू झाले की ते सरकारी तेलाचा दिवा विझवत. नगरपरिषदेच्या कारभारात असे दिवे रोज लागतात. टेंडर, बिले, वाळूचे ट्रक. ते विझवा असे म्हणणारा एकच माणूस आत असला तरी बाकीच्यांना चोरून लावावे लागतात.

निकालानंतर आठवडाभर आम्ही सरांच्या ओट्याकडे फिरकलो नाही. तोंड नव्हते. गेलो तेव्हा ओटा नेहमीसारखा भरलेला होता. सर कुणाच्या तरी घरपट्टीचे अपील लिहीत होते. त्यांनी आम्हाला काही विचारले नाही. मतदान केंद्रांचे आकडे त्यांनाही माहीत होते. वकील मित्राने कसेबसे म्हटले, “सर, तुमची उमेदवारी वाया घालवली आम्ही.”

सर म्हणाले, “उमेदवारीचा जुना अर्थ माहीत आहे ना? सुताराकडे पोरगा उमेदवारी करायचा. पगार नाही, पद नाही, काम शिकायचे. माझी चालू आहे. तुमची सुरू करा.”

मग त्यांनी आम्हाला कामाला लावले. २००५ चा माहितीचा अधिकार सगळ्यांना तोंडपाठ आहे, वापरणारे थोडे. मोरीच्या दुरुस्तीवर गेल्या वर्षांत किती खर्च दाखवला, कोणत्या तारखेला काम झाले, मोजमाप पुस्तिकेत काय लिहिले आहे, याची माहिती मागणारा अर्ज आम्ही लिहिला. त्याबरोबर मोरी मोठी करण्याची मागणी करणारे एक निवेदन. सर म्हणाले, निवेदनावर तिन्ही वस्त्यांच्या सह्या हव्यात. कॉलनीत सह्या मागायला आम्ही गेलो तेव्हा सरांच्या त्या विद्यार्थ्याने दार उघडले. त्याने आमच्याकडे बराच वेळ पाहिले आणि काही न बोलता सही केली. ते न बोलणे आम्हाला बोलण्यापेक्षा जड गेले.

कॉलनीत जाण्याआधी मात्र आम्ही मंडईत गेलो होतो. खालांसमोर निवेदन ठेवले आणि विचारले, यात काय राहिले आहे, तुम्ही सांगा. त्यांनी हात पुसले, आमच्याकडून सगळे वाचून घेतले आणि म्हणाल्या, ओढ्याचे लिहिले, बायांच्या संडासाकडे जायची वाट पाण्याखाली जाते ते कुठे आहे? ते खरेच राहिले होते. तिथेच भाजीच्या गाड्यावर कागद टेकवून आम्ही ते लिहिले.

निवेदनावर पहिली सही त्यांची आहे.